दहा ग्रॅमची गोष्ट

आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप

१९८३ सालची गोष्ट. मी तेव्हा भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. आमच्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची यादी संध्याकाळी पाचच्या सुमारास लागे. मग आम्ही निवासी डॉक्टर वॉर्डात फिरून यादीतला एकेक रुग्ण तपासत असू. त्या दिवशीच्या यादीत एक शेतमजूर होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, शस्त्रक्रिया हर्नियाची. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग कागदासारखा पांढरा. प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत होता. हिमोग्लोबिन साडेसहा ग्रॅम.

यावर काय करायचे, हे तेव्हा कोणाला विचारावे लागत नसे. दहा ग्रॅमच्या खाली भूल द्यायची नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेला होता. मी केसपेपरवर लिहिले, 'रक्ताच्या तीन बाटल्या द्याव्यात.' घरातले कोणी रक्त द्यायला धजावले नाही. पैसे घेऊन रक्त देणारे लोक त्या काळी रुग्णालयाच्या फाटकापाशीच उभे असत. रुग्णाच्या भावाने कुठून तरी पैसे उभे केले. शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली, बाटल्या चढल्या, आकडा साडेनऊवर गेला. 'दहाच धरा,' असे कोणीतरी म्हणाले आणि शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. घरी जाताना त्या गृहस्थांनी मला विचारले, "बाई, आता वाढलं ना माझं रक्त?" मी म्हणाले, "हो, वाढलं."

वर्षभराने तेच गृहस्थ पुन्हा दिसले. या वेळी मेडिसिनच्या वॉर्डात. पायांवर सूज, चार पावले चालले की धाप. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली. तिथल्या एका तरुण डॉक्टरने एक अगदी साधी तपासणी करून घेतली, शौचाची. त्यात हूकवर्मची, म्हणजे अंकुशकृमीची, अंडी सापडली. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या तळपायातून हा कृमी शरीरात शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रोज थोडे थोडे रक्त पीत राहतो. उपचार काय, तर जंताची गोळी आणि पुढे तीन महिने लोहाच्या गोळ्या. सगळा मिळून खर्च एका बाटलीच्या किमतीपेक्षाही कमी.

ज्या हर्नियासाठी आम्ही एवढी धावपळ केली, तो सात वर्षांचा जुना होता. आणखी दोन महिने थांबला असता तर काही बिघडत नव्हते. तेवढ्या अवधीत त्या माणसाच्या अंगात त्याचे स्वतःचे रक्त तयार झाले असते. मी आकडा पाहिला होता. तो कमी का आहे, हे विचारले नव्हते.

ही चूक माझी एकटीची असती, तर इतक्या वर्षांनी ती इथे सांगायचे कारण नव्हते. पण जगभरच्या रुग्णालयांत चाळीस-पन्नास वर्षे हेच चालले होते. दहा ग्रॅमचा हा आकडा आला कुठून, तो इतका पक्का कसा बसला आणि पुढे त्याला तडे कसे गेले, याची ही हकीकत आहे.

रंगावरून मोजमाप

हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींतला लोहयुक्त पदार्थ. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्याचे काम. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. शस्त्रक्रियेत रक्त जाते, हृदयावर ताण येतो, जखम भरून यायला शक्ती लागते. अशा वेळी गाठीला पैसा असावा, तसे अंगात हिमोग्लोबिन असावे लागते. प्रवासाला निघतानाच गाठ रिकामी असेल, तर वाटेतला लहानसा खर्चही भारी पडतो.

'अंग पांढरे पडणे' हा आजार आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आयुर्वेदाने त्याला पांडुरोग म्हटले आणि त्यावर लोह व मंडूर यांची औषधे सांगितली. युरोपात १८३२ मध्ये पिएर ब्लो या फ्रेंच डॉक्टरने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. त्या पुढे शंभर वर्षे औषधांच्या दुकानांत विकल्या गेल्या. म्हणजे रक्त कमी असेल तर लोह द्यावे, हे जुनेच ज्ञान. रक्त नेमके किती कमी आहे, हे मोजता मात्र येत नव्हते.

ती सोय १८७८ मध्ये झाली. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरने रक्ताचा रंग ठरावीक रंगाशी ताडून पाहण्याचे छोटे उपकरण बनवले. १९०२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हर्मान झाली यांनी त्यात सुधारणा केली. आपल्याकडे हे उपकरण 'साहली' या नावाने रुळले. गेल्या पिढीतल्या प्रत्येक डॉक्टरच्या हाताखालून ते गेलेले आहे. नळीत थोडे सौम्य आम्ल घ्यायचे, त्यात बोटातून काढलेले रक्त सोडायचे. ते तपकिरी झाले की थेंब थेंब पाणी घालत, बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत पातळ करायचे. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. एकाच्या डोळ्याला साडेसात, तर दुसऱ्याच्या डोळ्याला साडेआठ. पण केसपेपरवर आकडा उतरला, की त्याला वजन येई.

पेढी उघडली

दुसऱ्या बाजूने रक्तसंक्रमणाचे शास्त्र पुढे सरकत होते. लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ पासून माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयोग केले. बाळंतपणात रक्तस्राव होऊन मरणाऱ्या स्त्रिया त्यांना पाहवत नव्हत्या. काही जगल्या, काही दगावल्या. असे का होते, याचा उलगडा १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून काढले तेव्हा झाला. १९१४-१५ मध्ये ब्रुसेल्स, ब्यूनॉस आयर्स आणि न्यूयॉर्क येथल्या डॉक्टरांनी सायट्रेट मिसळून रक्त गोठू न देण्याची युक्ती वापरात आणली. त्यामुळे दाता आणि रुग्ण यांना शेजारी शेजारी झोपवण्याची गरज उरली नाही. रक्त बाटलीत भरून ठेवता येऊ लागले.

१९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी अशा साठवणुकीच्या जागेला 'ब्लड बँक' हे नाव दिले. मराठीत त्याची 'रक्तपेढी' झाली. मला हा शब्द फार आवडतो. २०२० पासून आपल्या कायद्यात 'बँक' जाऊन 'रक्तकेंद्र' हे नाव आले आहे, पण लोकांच्या तोंडी पेढीच आहे. अडीनडीला पेढीवरून उचल घेता येते, हे खरेच मोठे वरदान आहे. मात्र ज्या घरात पैसा पुरतच नाही, त्या घराने नुसती उचल घेतली तर महिना निभावतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच वेळ येते. पैसा जातो कुठे, हे कोणीतरी पाहावेच लागते.

एका सल्ल्याचा नियम झाला

आता मूळ आकड्याकडे येऊ. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक ही विख्यात संस्था आहे. तिथले जॉन लंडी हे भूलशास्त्रातले मोठे नाव. १९३५ मध्येच त्यांनी आपल्या संस्थेत रक्तसाठ्याची व्यवस्था सुरू केली होती. १९४२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स अ‍ॅडम्स यांनी, प्रकृती तोळामासा असलेल्या रुग्णांना भूल देताना धोका कसा कमी करावा, यावर एक लेख लिहिला. हिमोग्लोबिन आठ ते दहा ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शस्त्रक्रियेआधी रक्त देणे शहाणपणाचे, असे त्यात म्हटले होते.

हा अनुभवी माणसांनी दिलेला सल्ला होता. रुग्णांचे दोन गट करून, एकाला रक्त देऊन आणि दुसऱ्याला न देऊन केलेल्या अभ्यासातून तो निघालेला नव्हता. शिवाय 'आठ ते दहा' असे त्याचे दोन काठ होते. काळाच्या ओघात आठ गळून पडले आणि दहा राहिले. त्याला आणखी एक आकडा जोडला गेला. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा तीस असावे. असा 'दहा आणि तीस'चा नियम तयार झाला. तो शिक्षकाने विद्यार्थ्याला सांगितला, त्या विद्यार्थ्याने आपल्या विद्यार्थ्याला. अमेरिकेतून तो इंग्लंडला गेला, आपल्याकडे आला आणि चार दशकांनी माझ्या वहीत उतरला.

हा नियम इतका का टिकला, त्याचे उत्तर सोपे आहे. त्याने सगळ्यांची सोय झाली. शल्यचिकित्सकाला यादी रखडवावी लागत नव्हती. भूलतज्ज्ञाला केसपेपरवर बोट ठेवायला आकडा मिळत होता. नातेवाइकांना काहीतरी ठोस झाल्याचे समाधान मिळे. आणि बाटली एका रात्रीत काम करी. गोळीला आठवडे लागत.

परळमधल्या प्रयोगशाळेत

त्याच सुमारास, किंबहुना लंडी यांच्या लेखाच्याही आधी, रक्तक्षयाकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहण्याचे काम आपल्या मुंबईत झाले होते. ते शस्त्रक्रियेसाठी नव्हते, गरोदर स्त्रियांसाठी होते. पण बाळंतपण हेही रक्त खर्ची पडण्याचेच काम. त्याआधी हिमोग्लोबिन का कमी आहे, हा तोच प्रश्न तिथे विचारला गेला.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये मातामृत्यूंची चौकशी सुरू होती, त्यासाठी त्यांना बोलावले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय आढळत होता. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. विल्स यांना आधी जंतूंचा संशय आला, पण त्यातून काही निघाले नाही. मग त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. काय खातात, किती खातात, भाजीपाला मिळतो का? त्याच तऱ्हेचा निकस आहार त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि माकडांना दिला, तेव्हा प्राण्यांनाही रक्तक्षय झाला. पुढे अशा एका माकडाला त्यांनी मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा अर्क, इंग्रजी घरांत पावाला लावून खातात तो. माकड सुधारले. मग रुग्ण स्त्रियांना दिले, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यीस्टमधल्या या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा करण्यात आला आणि त्याचे नाव पडले फॉलिक अ‍ॅसिड. १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आपल्याकडे गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत जे फॉलिक अ‍ॅसिड असते, त्याची ही कुळकथा.

विल्स यांनी त्या स्त्रियांचा आकडा पाहिला, पेशींचा आकार पाहिला आणि मग ताट पाहिले. त्यांचे हे काम १९३१ मध्येच छापून आले होते. लोहाच्या गोळ्या तर त्याहून शंभर वर्षे जुन्या. तरीही शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पुढची पन्नास वर्षे बाटलीचेच राज्य राहिले.

नियमाला तडे

पहिला तडा अनपेक्षित जागेवरून गेला. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक धर्मश्रद्धेमुळे रक्त घेत नाहीत. अशा रुग्णांच्या शस्त्रक्रिया करायला अनेक शल्यचिकित्सक नकार देत. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे हृदयशल्यचिकित्सक डेंटन कूली यांनी १९६२ पासून त्यांच्यावर रक्ताविना शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. १९७७ मध्ये त्यांच्या पथकाने अशा ५४२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हृदयाच्या शस्त्रक्रियासुद्धा रक्त न चढवता होऊ शकतात, हे त्यातून दिसले. शस्त्रक्रियेआधीची तयारी आणि शस्त्रक्रियेतली काटकसर यांना किती महत्त्व आहे, हे या रुग्णांनी डॉक्टरांना शिकवले.

दुसरा तडा भीतीचा होता. १९८२ च्या डिसेंबरात, रक्त चढवल्यानंतर एड्स झालेल्या एका बालकाची अमेरिकेत नोंद झाली. रक्ताच्या बाटलीकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्यानंतर बदलली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. कोणा एका आकड्यावरून रक्त द्यायचे ठरवू नये, दहाच्या नियमाला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे तिने स्पष्ट म्हटले. लंडी यांच्या लेखाला तेव्हा ४६ वर्षे झाली होती.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये सापडले. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा धंदा मात्र त्यानंतरही चालू होता. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून हा व्यवहार बंद झाला. फाटकापाशी उभी असलेली ती हडकुळी माणसे मला अजून आठवतात. पोटासाठी रक्त विकणाऱ्या त्या माणसांचे स्वतःचे हिमोग्लोबिन किती असेल, हा विचार तेव्हा आम्हा कोणाच्या मनात आला नव्हता.

दोन सत्ये आणि एक पेच

मग हिमोग्लोबिन कमी असले तरी चालते, असे समजायचे का? मुळीच नाही. १९९६ मध्ये जेफ्री कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, धार्मिक कारणाने रक्त नाकारणाऱ्या १,९५८ शस्त्रक्रिया-रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेआधी ज्यांचे हिमोग्लोबिन बारा किंवा अधिक होते, त्यांच्यात महिनाभरात मृत्यूचे प्रमाण शेकडा १.३ होते. सहाच्या खाली असलेल्यांत ते शेकडा ३३.३ होते. म्हणजे तिघांमागे एक. हृदयविकार असलेल्यांना हा धोका अधिकच होता. पुढे २०११ मध्ये दोन लाख सत्तावीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या जवळजवळ तीस टक्के लोकांना शस्त्रक्रियेआधीच रक्तक्षय होता. ज्यांचा रक्तक्षय सौम्य होता, त्यांच्यातही मृत्यू आणि गुंतागुंत यांचे प्रमाण वाढलेले दिसले.

हे एक सत्य. दुसरे सत्य असे, की बाटली हा त्यावरचा पूर्ण उपाय नाही. १९९९ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेले की रक्त दिले, दुसऱ्याला सातच्या खाली गेल्यावरच. हात राखून रक्त दिलेल्या गटात मृत्यू वाढले नाहीत. हे रुग्ण शस्त्रक्रियेआधीचे नव्हते, हे खरे. पण भरपूर रक्त म्हणजे भरपूर फायदा, हा समज त्या अभ्यासाने ढासळला.

मग मार्ग कोणता? रुग्णाला त्याचे स्वतःचे रक्त तयार करू देणे. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा विचार नीट मांडला. शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय शोधून त्यावर उपचार करा, शस्त्रक्रियेत रक्त वाया जाऊ देऊ नका, आणि एवढे करून गरज उरलीच तर बाटली द्या, असे त्याचे थोडक्यात स्वरूप. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिवेशनाने या विचाराला ठरावात स्थान दिले.

तेराचा आकडा कशासाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे पुरुषांत तेरा आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत बारा ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. २०१७ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन म्हटले, की मोठ्या शस्त्रक्रियेआधी स्त्री-पुरुष दोघांनाही तेराचीच मर्यादा लावावी. त्यांचे कारण पटण्यासारखे आहे. बाईच्या अंगातले एकूण रक्त सहसा पुरुषापेक्षा कमी असते. एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेत दोघांचे सारखेच रक्त गेले, तर बाईच्या गंगाजळीतला मोठा हिस्सा गेलेला असतो. 'बाईमाणसाचं रक्त कमीच असायचं' हे आपण घरात म्हणतो, दवाखान्यातही ऐकतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्या समजुतीची किंमत तिलाच मोजावी लागते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न केवढा आहे, ते कळते.

दहाचा आकडा बाटली लावण्यासाठी होता. तेराचा आकडा प्रश्न विचारण्यासाठी आहे. रक्त कमी का? पाळीत फार जाते का? मूळव्याध आहे का? पोटात जंत आहेत का? वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम झाली आहे का? उतारवयातल्या माणसाच्या आतड्यात कर्करोगाची गाठ तर नाही? शुद्ध शाकाहारी माणसाला बी-१२ कमी पडते का? मूत्रपिंड नीट काम करते का? मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक पाझरते आणि ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला सांगते. १९७७ मध्ये शिकागोचे यूजीन गोल्डवॉसर यांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात मिळवले, त्यासाठी जपानमधल्या रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र लागले होते. आज ते औषध म्हणून मिळते. पण लागेल त्यालाच, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकल सेलचा विचार करावाच लागतो. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, आणि सिकल सेल आहे हे भूल देण्याआधी कळणे फार गरजेचे असते. प्रत्येक कारणाचे औषध वेगळे. बाटली मात्र सगळ्यांना एकच.

लोहाची कमतरता हे सगळ्यात जास्त आढळणारे कारण. गोळ्या नीट घेतल्या, रक्त जाण्याची वाट बंद केली, तर साधारण तीन-चार आठवड्यांत एक-दोन ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. गोळ्या सोसत नाहीत किंवा अवधी कमी आहे, अशांना शिरेतून लोह देता येते.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय असलेल्या ४८७ रुग्णांवर एक काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना १० ते ४२ दिवस आधी शिरेतून लोह दिले, निम्म्यांना नुसते सलाइन. लोह दिलेल्यांचे हिमोग्लोबिन वाढले, पण रक्ताची गरज किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. घरी गेल्यानंतरच्या आठ आठवड्यांत पुन्हा भरती व्हावे लागण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात कमी होते. उलट झ्यूरिकमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी लोह, एरिथ्रोपोएटिन, बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड असे एकत्रित उपचार केल्यावर रक्त कमी लागले, असा अभ्यास २०१९ मध्ये आला होता. मी यातून एवढाच बोध घेते, की सगळ्यांना सरसकट एकच सलाइन लावणे ही जुन्या बाटलीचीच नवी आवृत्ती होईल. कारण पाहूनच उपचार ठरला पाहिजे.

या साऱ्यातून कोणी असा अर्थ काढू नये, की रक्त देणे-घेणे वाईट. अपघातात, बाळंतपणातल्या रक्तस्रावात, तातडीच्या शस्त्रक्रियेत वाट पाहायला वेळ नसतो. तिथे बाटलीच जीव वाचवते, आणि स्वेच्छेने रक्त देणाऱ्याचे ऋण फिटत नाही. म्हणूनच ती बाटली, जिथे दुसरा उपाय नाही अशा रुग्णासाठी शिल्लक राहिली पाहिजे. हर्निया, गुडघ्याचे सांधेरोपण, गर्भाशयातल्या गाठी अशा बऱ्याच शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या असतात. तारीख आपल्या हातात असते. कर्करोगासारख्या आजारात फार थांबता येत नाही, पण तिथेही शस्त्रक्रिया ठरली त्याच दिवसापासून उपचार सुरू करता येतात. आपल्याकडे मात्र रक्ताची तपासणी अनेकदा आदल्या दिवशी होते. तोवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वापरायला वेळच उरलेला नसतो.

तेव्हा आपल्या घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली, तर हिमोग्लोबिन त्याच आठवड्यात तपासून घ्या. कमी निघाले, तर किती बाटल्या आणायच्या, हे विचारण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा, "रक्त कमी का आहे?" चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो.

त्या शेतमजूर गृहस्थांना तीन महिन्यांनी मी बाह्यरुग्ण विभागात पाहिले. रांगेत उभे होते, पायात नव्या चपला होत्या. हिमोग्लोबिन साडेअकरा झाले होते. या खेपेला त्यांनी मला काही विचारले नाही. मीच त्यांना थांबवून पापणी ओढून पाहिली. आतला भाग तांबूस दिसत होता.